पाणी गोठताना थर्मामीटर काय दाखवतो

पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठतं, असं आपण सरसकट म्हणतो. नेमकं बोलायचं तर शून्य अंश हे बर्फ वितळण्याचं तापमान आहे आणि त्याबाबतीत बर्फ अगदी शिस्तीचा आहे: नेहमीच्या हवेच्या दाबाला शुद्ध बर्फ शून्याच्या वर टिकत नाही. पाणी इतकं शिस्तीचं नाही. ते शून्याच्या जरा खाली गोठेल, उणे सहाला गोठेल, आणि थेंब अगदी सूक्ष्म व स्वच्छ असेल तर उणे ३८ अंशांपर्यंतही द्रवच राहील. हे समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पेलाभर पाण्यात थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, सोडून तो पेला फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहून काढायचा. त्या आकड्यांचा जो आलेख तयार होतो, त्यातल्या प्रत्येक वळणाला कारण आहे.

पण आधी थर्मामीटर तपासून घ्या. स्वस्तातले डिजिटल थर्मामीटर एखादा अंश इकडेतिकडे दाखवतात, आणि शून्याच्या आसपासचा एक अंश म्हणजे इथे सगळा खेळच. तपासायला बर्फच लागतो. बर्फ वाटाण्याएवढे तुकडे होईपर्यंत फोडा आणि जाड भिंतीचा पेला किंवा थर्मास त्याने काठोकाठ भरा. मग फटी बुजतील एवढंच थंड पाणी ओता, शक्यतो डिस्टिल्ड. ढवळा, प्रोब मध्यभागी निदान पाच-सहा सेंटीमीटर आत घाला, पेल्याला टेकू देऊ नका, आणि तीन-चार मिनिटं थांबा. आकडा जिथे स्थिर होईल तो तुमच्या थर्मामीटरचा शून्य. ०.४ दाखवत असेल तर शून्याच्या आसपासच्या पुढच्या प्रत्येक नोंदीतून ०.४ वजा करायचे.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पाणी जास्त आणि बर्फ कमी. मग बर्फ वर तरंगतो, तळाशी नुसतं पाणी साठतं आणि तळाचं तापमान तीन-चार अंशांपर्यंत चढलेलं असतं. म्हणून बर्फ तळापर्यंत पोचलेला हवा. वितळून पाणी वाढलं की जादा पाणी ओतून टाकून वर नवा बर्फ घालायचा. दुसरी चूक म्हणजे फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ वापरणं. तो उणे १८ अंशांचा असतो, त्याच्यावर पांढरट कोरडी झाक असते आणि त्याला चिकटलेला प्रोब शून्याच्या खाली दाखवतो. पृष्ठभाग ओला होऊन चमकायला लागेपर्यंत थांबायचं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी मात्र फारसं बिघडत नाही. लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ विरघळलेलं असलं तरी शून्य जेमतेम ०.०३ अंशाने सरकतो. साध्या थर्मामीटरला तो फरक दिसतही नाही.

(बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र सुखाने नांदतात तो बिंदू ०.०१ अंशाचा, ६११ पास्कल दाबाचा. १९५४ ते २०१९ एवढा काळ केल्व्हिन या तापमानाच्या एककाची व्याख्याच त्या बिंदूवर टेकलेली होती.)

आता आलेखाकडे. पाणी २५ अंशांवरून उतरायला लागतं. आधी थंड पाणी जड, म्हणून ते खाली बसतं आणि कोमट पाणी वर येतं. तळाशी ठेवलेला प्रोब वरच्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. चार अंशांच्या जवळ हे उलटतं. ३.९८ अंशांला पाण्याची घनता सर्वाधिक असते, घनमीटरला ९९९.९७ किलो. त्याच्याही खाली थंड केलं तर पाणी पुन्हा हलकं होत जातं आणि शून्याला ९९९.८४ वर येतं. फरक नगण्य वाटतो, पण एवढ्यानेच वरखाली फिरणारे प्रवाह थांबतात आणि उलट्या दिशेने सुरू होतात. शाळेच्या पुस्तकात ‘पाण्याचे असंगत आचरण’ या नावाखाली होपचं उपकरण येतं ते हेच दाखवायला. होपने तो प्रयोग १८०५ साली प्रसिद्ध केला. तळं वरून गोठतं आणि खालचं पाणी चार अंशांच्या आसपास राहतं, याचं मूळही इथेच. बर्फाच्या पेल्यात तळाचा आकडा चढतो तो याच कारणाने.

मग आकडा शून्याला पोचतो आणि बहुतेक वेळा तिथे थांबत नाही. उणे एक, उणे दोन, उणे चार. पेल्यात बर्फाचा कणही नाही. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात.

हे होतं कशामुळे? पाण्याचे रेणू गोठायला तयार असले तरी सुरुवात कुठून तरी व्हावी लागते. काही रेणू योगायोगाने बर्फाच्या मांडणीत जुळून एक इवलासा स्फटिक बनतो. आतल्या रेणूंना त्या मांडणीत राहणं फायद्याचं असतं, पण स्फटिकाचा पृष्ठभाग तयार व्हायला ऊर्जा खर्च होते. स्फटिक जितका लहान, तितका आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. म्हणून अगदी लहान स्फटिक बनताक्षणी विरघळतात. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेलेला स्फटिकच वाढू शकतो. उणे ५ अंशांला ही मर्यादा सुमारे दहा नॅनोमीटर त्रिज्येची असते. तापमान उतरत जाईल तशी ती लहान होते. योगायोगाने दहा नॅनोमीटरचा स्फटिक जुळून येणं जवळपास अशक्य. उणे ३८ च्या आसपास मर्यादा एक-दीड नॅनोमीटरवर येते आणि मग कशाचाही आधार नसताना पाणी आपण होऊन गोठतं.

पेल्यातलं पाणी एवढं खाली जात नाही, कारण त्यात धूळ असते, भांड्याला ओरखडे असतात. अशा पृष्ठभागावर स्फटिकाला अर्धी मांडणी आयती मिळते. कुठला कण किती उपयोगी, हे त्याच्या रचनेवर ठरतं. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची जाळी बर्फाच्या जाळीशी बरीच जुळते, म्हणून ते उणे चारपाच अंशांलाच काम सुरू करतं. १९४६ मध्ये बर्नार्ड व्होनेगट यांनी हे शोधलं आणि कृत्रिम पावसाचे प्रयोग त्यावर उभे राहिले. त्याहून सरस म्हणजे वनस्पतींवर राहणारा सूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू: त्याच्या अंगावरचं प्रथिन उणे दोनच्या आसपास पाणी गोठवतं. बर्फावरच्या खेळांसाठी कृत्रिम हिम पाडताना या जिवाणूचे मृत कण पाण्यात मिसळतात.

अतिशीत पाणी पाहायचं असेल तर अर्ध्या लिटरची बंद, गुळगुळीत प्लास्टिकची बाटली घ्या, पाणी डिस्टिल्ड किंवा चांगलं गाळलेलं. उणे १८ च्या फ्रीजरमध्ये ती आडवी, कशालाही न टेकवता, धक्का लागणार नाही अशी ठेवा. साधारण दोन ते अडीच तासांत पाणी उणे पाच-सहाला येतं. प्रत्येक फ्रीजरची वेळ वेगळी, म्हणून एकसारख्या दोन-तीन बाटल्या ठेवा आणि एकीत प्रोब सोडा. प्रोबवाली बाटली लवकर गोठते, कारण प्रोबचा पृष्ठभागच बीज ठरतो. तिचा उपयोग घड्याळासारखा करायचा. आता दुसरी बाटली हळूच काढून टेबलावर आपटली की आपटल्या जागेपासून पांढरे धागे सरसर पसरतात. तसं झालं नाही तर पाणी पुरेसं थंड झालेलं नाही. झाकण उघडून बर्फाचा कण आत टाकला तर मात्र शून्याच्या थोडंही खाली असलेलं पाणी गोठायला लागतंच.

हे पाहणारा फॅरनहाइट हा बहुधा पहिला नोंदकर्ता. त्याने १७२४ साली लिहिलेल्या निबंधात हवा काढून बंद केलेल्या काचेच्या गोळ्यातलं पावसाचं पाणी त्याच्या मोजपट्टीवरच्या १५ अंशांला, म्हणजे उणे साडेनऊ सेल्सियसला, रात्रभर न गोठता राहिल्याचं वर्णन आहे.

बाटली आपटल्यावर तिच्यात जे तयार होतं ते घट्ट बर्फ नसून भुसभुशीत लगदा असतो, आणि थर्मामीटर त्या क्षणी उणे सहावरून उडी मारून शून्यावर येतो. गोठताना पाणी तापतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब साधा आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल उष्णता बाहेर टाकतं. एक ग्रॅम पाणी उणे सहावरून शून्यावर आणायला ६ गुणिले ४.१८, म्हणजे २५ ज्यूल लागतात. २५ भागिले ३३४ म्हणजे साडेसात टक्के. एवढ्याच पाण्याचा बर्फ झाला की सुटलेल्या उष्णतेने सगळा लगदा शून्याला येतो आणि पुढचं गोठणं अडतं. उरलेल्या साडेब्याण्णव टक्क्यांची उष्णता फ्रीजरने काढून घ्यायची.

आलेखातला सर्वांत लांब भाग तो हाच. आकडा शून्यावर चिकटून बसतो, तासन्‌तास. हा वितळणाचा अप्रकट उष्मा. १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ ब्लॅकने तो फार देखण्या पद्धतीने मोजला. सारखे दोन काचेचे गोळे, एकात बर्फ, दुसऱ्यात जेमतेम न गोठलेलं पाणी, दोन्ही एकाच खोलीत. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइट चढलं. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. त्यावरून त्याने काढलेला आकडा सुमारे १४० अंशांचा, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या उष्णतेने तेवढंच पाणी १४० अंश फॅरनहाइट तापलं असतं; आजचा आकडा १४४. कुठलीही आधुनिक साधनं नसताना!

एक लिटर पाण्याचा पूर्ण जमाखर्च असा. २५ वरून शून्यावर: १०४ किलोज्यूल. शून्यालाच गोठण्यासाठी: ३३४. बर्फ शून्यावरून उणे १८ वर नेण्यासाठी: ३८, कारण बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जेमतेम निम्मी, सुमारे २.१ आहे. एकूण ४७६ किलोज्यूल. म्हणजे सुरुवातीचं पाणी २५ ऐवजी १० अंशांचं घेतलं तरी एकूण कामात १३ टक्क्यांचीच बचत होते. वेळ वाचवायचा तर लक्ष पाण्याच्या तापमानापेक्षा उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेवर हवं. शांत हवेत एक चौरस मीटर पृष्ठभागातून तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १० वॉट जातात. एक लिटरच्या डब्याचा पृष्ठभाग ०.०६ चौरस मीटर, फरक १८ अंश, म्हणजे जेमतेम ११ वॉट. या वेगाने ३३४ किलोज्यूल जायला साडेआठ तास लागतात, आधीचे दीड-पावणेदोन तास वेगळे. तेच पाणी उथळ ट्रेमध्ये पसरलं, ट्रे धातूचा असला आणि थंड पत्र्यावर सपाट टेकला, तर तीन-चार तासांत काम होतं. खाली हिमाचा पापुद्रा असेल तर तो टेकत नाही आणि सगळा फायदा जातो. एकदम दहा लिटर पाणी कोंबलं तर ४,७६० किलोज्यूल काढायचे. फ्रीजर निव्वळ ५० वॉटने उष्णता काढत असेल तर सव्वीस तास, आणि तोवर आतलं बाकी सामान गरम होणार.

गरम पाणी आधी गोठतं का, हा प्रश्न इथे येणारच. टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बाने १९६३ मध्ये शाळकरी वयात तसं पाहिलं आणि १९६९ मध्ये डेनिस ऑसबोर्न यांच्यासोबत त्यावर लेख प्रसिद्ध केला. नंतरच्या काळजीपूर्वक मोजमापांत तो परिणाम दर वेळी दिसत नाही. गरम भांड्याखालचा हिमाचा थर वितळून ते पत्र्याला नीट चिकटणं, वाफ होऊन पाणी कमी होणं, किंवा थंड पेल्यातलं पाणी योगायोगाने जास्त अतिशीत होणं, एवढ्यातल्या कशानेही निकाल फिरतो. घाई असेल तर थंड पाणीच ठेवा.

बर्फ वाढतो तसा त्याचा वेगही मंदावतो, कारण नव्याने सुटणारी उष्णता आधीच्या थरातून बाहेर पडावी लागते. जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट, हा नियम योसेफ श्टेफानच्या नावाने ओळखला जातो. तळ्यावरच्या बर्फाचा वरचा पृष्ठभाग कायम उणे १० अंशांला राहिला तर हिशेबाने पहिल्या दिवसात ११ सेंटीमीटर आणि चार दिवसांत २२ सेंटीमीटर बर्फ होतो. प्रत्यक्षात कमी होतो, कारण वर पडलेलं भुसभुशीत हिम उष्णतेला अडवतं आणि पृष्ठभाग हवेइतका थंड होत नाही. तळ्यावरच्या बर्फाची जाडी तापमानावरून अंदाजाने ठरवून त्यावर पाऊल टाकू नये. भोक पाडून मोजावी.

शून्याच्या बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो, म्हणजे गोठताना आकारमान ९ टक्के वाढतं. लिटरभर पाण्याला ९० मिलिलिटर जादा जागा लागते. म्हणून डबा भरताना वर निदान १० ते १२ टक्के जागा सोडायची असते. पण नुसती जागा सोडून भागत नाही, आकारही पाहावा लागतो. निमुळत्या गळ्याच्या काचेच्या बाटलीत पाणी गळ्यापर्यंत भरलं तर आधी गळ्यातला भाग गोठून बूच बसतं आणि मधलं पाणी कोंडलं जातं. वरची रिकामी जागा मग काही कामाची नाही. काचेचं भांडं हवंच असेल तर सरळ भिंतीचं घ्या. जोर किती? उणे ५ अंशांला पाणी आणि बर्फ कोंडून ठेवायचे तर सुमारे ६०० वातावरणांचा दाब पेलावा लागतो, उणे २२ ला दोन हजारांहून अधिक. नळ फुटतात तेही बर्फ भिंतीला ढकलतो म्हणून क्वचितच. बर्फाचं बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये सापडलेलं पाणी चेपलं जातं आणि नळ फुटतो तो बऱ्याचदा बर्फ नसलेल्या जागी. कडक थंडीत तोटी किंचित उघडी ठेवण्यामागे वाहत्या पाण्यापेक्षा दाब मोकळा होणं हे मोठं कारण आहे. गोठलेला नळ मोकळा करतानाही तोटी उघडी ठेवून तोटीकडून मागे मागे ऊब द्यायची, ज्योत लावायची नाही.

विरघळलेल्या पदार्थांचा हिशेब कणांच्या संख्येवर चालतो. किलोभर पाण्यात एक मोल (रसायनशास्त्रातलं कण मोजायचं माप) कण विरघळले की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा, मिठाचा ५८.४ ग्रॅमचा, आणि मिठाचे विरघळल्यावर दोन-दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात. त्यामुळे तेवढ्याशा मिठाने सुमारे ३.४ अंशांचा फरक पडतो. किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणी उणे १.९ ला गोठायला लागतं. मिठाची कमाल उणे २१.१ अंशांची, वजनाने २३.३ टक्के मीठ असताना. म्हणून गोठण मिश्रण करताना तीन भाग बारीक बर्फ आणि एक भाग मीठ घेतात. याहून जास्त मीठ तळाशी पडून राहतं, काही करत नाही. खडे मोठे असतील किंवा ढवळलं नाही तर मिश्रण उणे दहा-बारालाच अडकतं. नीट जमलं तर उणे वीसच्या आसपास जातं, तेव्हा हात घालू नका. बाहेर उणे २१ पेक्षा जास्त थंडी असेल तर रस्त्यावर टाकलेलं साधं मीठ निरुपयोगी. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं.

राहिला पारदर्शक बर्फ. ट्रेमधले खडे मधोमध पांढरे होतात, कारण बर्फाच्या मांडणीत विरघळलेल्या हवेला जवळजवळ जागाच नसते. शून्याच्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. चहूबाजूंनी बर्फ आत सरकला की हवा आणि क्षार मध्यभागी दाटतात, बुडबुडे अडकतात. पाणी उकळल्याने थोडाच फरक पडतो: हवा कमी होते, पण थंड होताना बरीच परत मिसळते, आणि क्षार तर उलट दाट होतात. दोनदा उकळण्याचा सल्ला जिकडेतिकडे दिसतो. त्यात इंधन वाया जातं.

खरा उपाय एका दिशेने गोठवण्याचा. चार-पाच सेंटीमीटर जाड भिंतीची थर्माकोलची पेटी घ्या, झाकण काढून टाका, पाणी भरा आणि फ्रीजरमध्ये तळ पत्र्यापासून जरा उचलून ठेवा. थंडी फक्त वरून शिरते, बर्फ वरून खाली सरकतो आणि हवा खालच्या पाण्यात ढकलली जाते. पंधरा सेंटीमीटर खोल पाण्याला एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. वरचे तीन चतुर्थांश गोठले की पेटी उपडी करून ठोकळा काढा आणि खालचं पाणी ओतून द्या. पूर्ण गोठू दिलं तर खालचा चतुर्थांश पांढराफटक होतो आणि कोंडलेल्या पाण्याने पेटीही फुगते. फ्रीजर उणे दहाच्या आसपास ठेवता आला तर ठोकळा आणखी स्वच्छ येतो: बर्फ हळू सरकतो, हवेला पुढे निसटायला वेळ मिळतो.

काढलेला ठोकळा लगेच कापू नका आणि त्यावर पाणी तर मुळीच ओतू नका. वरचा भाग शून्याला आणि गाभा उणे पंधराला असताना ताण येऊन आरपार तडे जातात. पंधरा-वीस मिनिटं, मोठा ठोकळा असेल तर अर्धा तास, उघड्यावर ठेवा. पृष्ठभागावरची पांढरी झाक जाऊन तो ओला, पारदर्शक दिसायला लागला की दातेरी सुरीने चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर खोल खाच पाडा, सुरी खाचेत ठेवून तिच्या पाठीवर लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. खाच चारी बाजूंनी सारखी असेल तर तुकडा सरळ सुटतो; एकाच बाजूने पाडली तर चीर तिरकी जाते.